आठ नंबरची राखाडी सुई आणि बाकीच्या दहा जोड्या

चौतीस वर्षं टूलरूममध्ये लेथवर काढली. हातात आलेली गोल वस्तू किती जाडीची आहे हे आधी बोटं सांगतात, वर्निअर नंतर. त्यामुळे निवृत्तीनंतर विणकाम शिकायला बसलो तेव्हा लोकरीच्या आधी माझं लक्ष सुयांकडे गेलं. गेल्या सात महिन्यांत जुन्या सुयांच्या अकरा जोड्या जमल्या आहेत. काही पुठ्ठ्याच्या डबीतून एकगठ्ठा आल्या, काही ओळखीच्यांच्या शिवणाच्या डब्यात तळाशी पडलेल्या होत्या. अगदी बारीक दोन जोड्या सोडल्या तर प्रत्येकीवर मी एकच काम केलं: एकाच रंगाची मध्यम जाडीची लोकर, वीस टाके, चाळीस ओळी, सगळ्या सुलट. ते नऊ तुकडे आत्ता टेबलावर समोर मांडलेले आहेत आणि हे लिहिणं त्यांच्यावरूनच आहे.

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. नव्याने शिकत असाल आणि जुनी सुई घ्यायची असेल, तर राखाडी लेपाची अॅल्युमिनियमची जोडी घ्या, व्यास ४ मिलिमीटर, लांबी ३० सेंटीमीटरच्या आसपास. माझ्याकडची एरो या नावाची आहे. इंग्लंडमधल्या रेडिच या गावच्या एबल मोरल कंपनीची ही छाप. रेडिच हे सुयांचंच गाव, शिवणाच्या सुया तिथे पिढ्यान् पिढ्या बनत आल्या. सुईच्या बोंडावर, म्हणजे मागच्या टोकाच्या गोल गाठीवर, आठचा आकडा कोरलेला आहे, तो अजून स्पष्ट वाचता येतो.

आता हीच का, ते सांगतो, कारण मी सुरुवात तिच्यापासून केली नव्हती.

माझी पहिली जोडी पोलादी होती, दहा नंबरची, निकेलचा मुलामा दिलेली. दिसायला देखणी. इतका सुंदर पृष्ठभाग मी आयुष्यभर लोकांना करून दिला, म्हणून तीच उचलली. मला शिकवतात त्या आमच्या वहिनी. त्यांनी वीस टाके घालून दिले आणि सुलट टाका दाखवला: सुई आत, धागा वरून, ओढून बाहेर, जुना टाका सोडून द्यायचा. चार हालचाली. चौथ्या ओळीला माझे टाके तेवीस झाले होते आणि नवव्या ओळीला सतरा.

तेवीस का झाले ते वहिनींनी लगेच ओळखलं. ओळ सुरू करताना मी धागा सुईच्या वरून मागे नेत होतो. त्यामुळे कडेचा टाका वर उचलला जायचा, त्याचे दोन पाय सुईवर यायचे आणि मी ते दोन टाके समजून विणत होतो. धागा सुईखालून मागे घेतला की हा घोटाळा थांबतो. सतरा मात्र सुईमुळे झाले. निकेलच्या पोलादावर टाका थांबतच नाही. डावी सुई जरा खाली झुकली की तीन-चार टाके एकदम घसरून बाहेर, आणि त्यांना धरायला गेलं की खालची ओळ शिडीसारखी उसवत जाते. मी सुई आणखी घट्ट आवळली. संध्याकाळपर्यंत अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, सुई इतकी आवळू नका, ती कुठे पळून जात नाही. पळतात ते टाके." आणि त्यांनी आपल्या डब्यातली राखाडी आठ नंबरची जोडी माझ्या हातात दिली. तीच ही.

फरक पहिल्या दहा मिनिटांत कळला. राखाडी लेपाला अगदी सूक्ष्म खरखर आहे. नखाला जाणवत नाही, लोकरीला जाणवते. टाका सरकवला तर सरकतो, सोडला तर तिथेच थांबतो. लेथवर आपण फिनिश जितका गुळगुळीत तितका चांगला असं धरून चालतो. इथे ते चालत नाही. शिकणाऱ्याला हवी ती सुई, जी टाक्याला विचार करण्याइतका वेळ देते. पुढे हात बसला की वेग लागतो आणि मग पोलादाची खरी मजा येते. वहिनी स्वतः पोलादावरच विणतात. त्यांच्या हातात तीच दहा नंबरची जोडी पाण्यासारखी चालते.

लेपाचा दुसरा उपयोग उघड्या अॅल्युमिनियमची जोडी वापरली तेव्हा समजला. लेप नसलेल्या त्या सुयांनी माझी बोटं काळी केली आणि पांढऱ्या लोकरीच्या तुकड्यावर कडेला राखाडी झाक उमटली. फडक्याने कितीही पुसलं तरी दोन ओळींनंतर पुन्हा तेच. गडद लोकरीसाठी ती जोडी ठेवली आहे. तान्ह्या बाळाचं काही विणायचं असेल तर तिला हात लावणार नाही. राखाडी सुईची एकच अडचण म्हणजे करड्या किंवा निळ्या लोकरीत टाका दिसत नाही. शिकताना लोकर फिकी आणि सुई गडद, किंवा उलट, असाच जोड धरा. डोळ्यांना निम्मे कष्ट पडतात.

आता आकड्यांबद्दल. जुन्या सुया घेणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी फसतो आणि मीही फसलो.

मफलरचा एक नमुना मिळाला होता. त्यात लिहिलं होतं: आठ नंबरची सुई, चाळीस टाके. माझ्याकडे आठ नंबर होताच. दोन संध्याकाळी विणून पट्टी लावली तर रुंदी अठरा सेंटीमीटर. नमुन्यात बावीस सांगितली होती. मला वाटलं माझा हात आवळतो आहे, म्हणून उसवून पुन्हा विणलं, मुद्दाम सैल. तरी एकोणीसच्या वर जाईना. मग वर्निअर काढला, जो पहिल्याच दिवशी काढायला हवा होता. सुईचा व्यास आला ४.०६.

०.१६० इंच! हा आकडा मला झोपेतही ओळखू येईल. तारेच्या गेजच्या, म्हणजे जाडीच्या नंबरांच्या, कोष्टकात आठ नंबरची तार नेमकी इतकीच असते. कपाटातलं जुनं कोष्टक काढलं आणि पोलादी सुया एकेक करून मोजल्या. दहा नंबरची सुई ३.२५, तारेचं कोष्टक ०.१२८ इंच, म्हणजे तेच. चौदा नंबरची सुई २.०३, कोष्टक ०.०८० इंच, पुन्हा तेच. ब्रिटनमध्ये हे कोष्टक १८८४ पासून कायदेशीर प्रमाण झालं आणि विणकामाच्या सुयांचे जुने ब्रिटिश नंबर त्याच वळणाचे आहेत. सुई ही शेवटी तारच. म्हणूनच नंबर उलटे चालतात. तार डायमधून, म्हणजे बारीक भोकाच्या साच्यातून, जितक्या जास्त वेळा ओढाल तितकी ती बारीक होते आणि नंबर वाढत जातो. चौदा नंबर मोज्यांच्या कामाचा, तर तीन शून्यांचा नंबर चांगला दहा मिलिमीटर जाड.

अमेरिकेत नेमकं याच्या उलट. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि अमेरिकन आठ म्हणजे ५ मिलिमीटर. माझा नमुना अमेरिकन होता, सुई ब्रिटिश होती आणि मधल्या एका मिलिमीटरने मफलर चार सेंटीमीटर अरुंद केला. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण परिघ काढून बघा. ४ च्या सुईचा परिघ साडेबारा मिलिमीटर, ५ च्या सुईचा पावणेसोळा. टाका सुईभोवती बसतो, त्यामुळे प्रत्येक टाक्याच्या वाट्याचा धागाच वेगळा होतो, आणि ओळीत असे टाके चाळीस.

ब्रिटनने १९७० च्या दशकात सुया मिलिमीटरमध्ये आणल्या. त्यामुळे बोंडावर दोन्ही आकडे असलेली सुई मिळाली तर ती बहुधा त्या बदलाच्या काळातली असते. फक्त नंबर असलेल्या सुईबद्दल काहीही गृहीत धरू नका. कोष्टकांचा ढीग पाहताना मला एक गंमत सापडली आणि ती रोज उपयोगी पडते. ब्रिटिश चार ते नऊ या नंबरांमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन आकड्यांची बेरीज चौदा येते. ब्रिटिश आठ म्हणजे अमेरिकन सहा. ब्रिटिश सहा म्हणजे अमेरिकन आठ. ब्रिटिश पाच, अमेरिकन नऊ. या पट्ट्याबाहेर हे सूत्र लावू नका. ब्रिटिश दहाला ते लगेच चुकतं, कारण ३.२५ ची सुई अमेरिकेत तीन नंबरची आहे.

वर्निअर नसेल तर भोकांची पट्टी घ्या. जुन्या पट्ट्याही फार सुबक मिळतात. काही घंटेच्या आकाराच्या असतात, कडेने खाचा आणि मध्ये भोकं. सुई मोजताना मात्र टोकाशी नको, दांड्याच्या मधोमध मोजायची. टोकाकडचा उतार कुठे संपतो ते जुन्या सुयांमध्ये डोळ्यांना पटकन कळत नाही. तिथे मोजलं तर अर्धा नंबर बारीक भरते. विणतानाही हेच लागू आहे. टाक्याचं माप दांडा ठरवतो. मी बरेच दिवस सगळं काम उतारावरच, टोकाशी टोक लावून करत होतो आणि टाके नखाएवढे बारीक होत होते. नवा टाका दांड्यापर्यंत सरकवून मग पुढचा घ्यायचा, हे वहिनींनी किती वेळा सांगितलं असेल. मला ते वर्निअरने पटलं.

संग्रहातली माझी सगळ्यात आवडती जोडी वेगळीच आहे. ती वापरायला सगळ्यात चांगली नाही, पण हातात घेतली की ठेववत नाही. तपकिरी, मधाच्या रंगाचे ढग असलेली, पाच नंबरची, केसिनची. केसिन म्हणजे दुधातलं प्रथिन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुधापासून प्लास्टिक बनवत. १८९९ मध्ये जर्मनीत त्याचं पेटंट घेतलं गेलं आणि त्याला गॅलॅलिथ हे नाव मिळालं, ग्रीकमध्ये दूध आणि दगड. केसिनच्या कांड्या फॉर्मलिनमध्ये बुडवून कडक करायच्या आणि जाडीप्रमाणे त्याला आठवडे, कधी महिने लागायचे. मग त्या घासून, झिलई देऊन बटणं, पेनं आणि अशा सुया बनायच्या. धातूची सुई सकाळी गार लागते. ही लागत नाही. हाताची ऊब लगेच घेते, विणताना किंचित लवते आणि टोकावर टोक लागलं तर आवाजही होत नाही. ज्यांची बोटं आखडतात त्यांनी अशी जोडी एकदा हातात घेऊन बघावी.

दोष सांगायलाच हवेत. माझ्या जोडीतली एक सुई धनुष्यासारखी वाकलेली आहे. वाक बघायचा असेल तर सुई काचेवर ठेवून हलकेच गडगडवायची आणि खालून दिसणाऱ्या उजेडाकडे बघायचं. टूलरूममध्ये शाफ्ट असाच तपासायचो. मधोमध दोन मिलिमीटर उजेड दिसला. विणायला त्याने फार बिघडत नाही, पण जड काम त्यावर तोललं की सुई आणखी वाकते. केसिन पाणी शोषतं, म्हणून या सुया भिजत ठेवायच्या नाहीत. कोरड्या मऊ फडक्याने पुसायच्या आणि तेवढं पुरे. टोकं बोथट आहेत. जाड सैल लोकरीला चालतं, घट्ट ओळीत मात्र टाक्यात शिरायला आडमुठेपणा करतात. टोक घासून धारदार करायचा मोह मला झाला होता. हात आवरला, कारण झिलई गेली की लोकर तिथेच अडकत राहते.

तशीच दिसणारी, पण वजनाला हलकी अशी एक पिवळट जोडी आहे. अंगठ्याने जोरात घासली की कापराचा वास येतो. म्हणजे सेल्युलॉइड. ही विणायला छान आहे, पण तिच्याविषयी इशारा गंभीरपणे घ्या. सेल्युलॉइड भराभर पेटतं, त्यामुळे ओळखण्यासाठी तापलेली टाचणी टोचण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वास पुरेसा आहे. दुसरं मला नुकसान होऊन कळलं. ही जोडी मी पोलादी सुयांसोबत एकाच बंद पत्र्याच्या डबीत ठेवली होती. दोन महिन्यांनी डबी उघडली तर शेजारच्या चौदा नंबरच्या चारही सुयांवर गंज. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि बंद डबीत ती जाणार कुठे? आता ती जोडी वेगळ्या कागदी पाकिटात, हवा खेळेल अशी ठेवली आहे. वरवर पाहता तिच्यावर अजून एकही भेग नाही, तरीसुद्धा.

गंज मी काढला. सुईवर दोन थेंब मशीनचं तेल, २००० नंबरचा पॉलिश पेपर, आणि हात नेहमी लांबीच्या दिशेने. आडवा घासलात तर बारीक कडी पडतात आणि लोकर प्रत्येक कड्याला अडते. मग तेल पूर्ण पुसायचं, कोरड्या फडक्याने निदान तीन वेळा, आणि शेवटी मेणाच्या कागदातून सुई दोन-चारदा ओढायची. टोकाला खरबड राहिली आहे का हे बघायला बोट नको, जुना नायलॉनचा मोजा ओढून बघा. बोटाला न कळणारं कुसळ त्याला कळतं. मुलामा उडालेला असेल, खाली पोलादाला खड्डे पडले असतील, तर मात्र सुई संग्रहात ठेवा आणि विणायचा विचार सोडा.

लाकडी आणि बांबूच्या जुन्या जोड्या दोन आहेत. एकीचं टोक चिरलेलं, दुसरी ठीक. नव्या बांबूच्या सुया यांच्यापेक्षा सरस असतात, त्यासाठी जुन्या शोधत बसू नका.

एकगठ्ठा आलेल्या डबीबद्दल तक्रार आहे. वर्णनात 'सहा जोड्या' लिहिलं होतं. निघाल्या चार जोड्या, दोन बेजोड सुया आणि एक नऊ-दहाची खोटी जोडी, बोंडं सारखी पण व्यास वेगळे. मी न तपासता तिच्यावर तुकडा विणला आणि त्यात आडवे पट्टे उमटले, एक ओळ सैल, एक घट्ट, अगदी पन्हळी पत्र्यासारखे. विकणाऱ्याने आकडे वाचले असतील, मोजले नसतील. घेण्याआधी पट्टीशेजारी ठेवलेला फोटो मागा, दोन्ही सुयांची बोंडं आणि टोकं जवळून दिसतील असा. दांड्याच्या मधला व्यास विचारा. लांबीत तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर तीही खरी जोडी नव्हे.

आणि कासवाच्या कवचाच्या सुया म्हणून कुणी देऊ केल्या तर घेऊ नका. बहुतेक वेळा ते ढगाळ प्लास्टिकच असतं, पण खरं असेल तर ते हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचं. वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय करारात ते सर्वांत कडक यादीत आहे आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. हस्तिदंताची तीच गोष्ट. मला एकदा अशी जोडी दाखवली गेली. कारागिरी डोळ्यांत भरणारी होती, तरी परत केली. केसिनचे ढग मला पुरेसे आहेत.

मफलर आता ५ मिलिमीटरवर, ब्रिटिश सहा नंबरच्या राखाडी जोडीवर चालू आहे. रुंदी बावीस भरते. एकशे दहा ओळी झाल्या, टाके चाळीसचे चाळीस. परवा वहिनींनी कड चिमटीत धरून बघितली, शेवटपर्यंत हात फिरवला आणि काही न बोलता सुया माझ्याकडे परत दिल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला, "भावोजी, ती दुधाची जोडी घेऊन या एकदा. माझा अंगठा दुखतो हल्ली." नेऊन दिली. वाकलेल्या सुईवरही त्यांचा टाका सरळ येतो.

त्या डबीतल्या दोन बेजोड सुयांपैकी एक सात नंबरची आहे, राखाडी, बोंड काळं, लांबी ३० सेंटीमीटर, व्यास ४.४७. तिचा जोडीदार मी चार महिने शोधतो आहे. सात हा एकच नंबर असा आहे की ब्रिटिश असो वा अमेरिकन, सुई साडेचार मिलिमीटरचीच भरते, त्यामुळे कुठल्याही देशाची चालेल. लेप मात्र राखाडीच हवा. डब्याच्या तळाशी एखादी एकटी सात नंबर पडली असेल, तर मधोमध मोजून कळवा.